आईचे सोमवार आणि फॉस्फेटच्या पुड्या

"तुज्या पायाचं मी बगते. तू वर बगून चाल."

आईचं हे वाक्य… मी तेव्हा दुसरीत होते. आमच्या गावच्या, करकंबच्या शाळेत पोरं माझ्या वाकड्या पायांना हसायची आणि मी मान खाली घालून भिंतीच्या कडेकडेनं जायचे.

गेल्या सोमवारी ऑफिसमधून रात्री उशिरा घरी आले, तर आई बाथरूमच्या दाराशी भिंतीला टेकून बसली होती. जुलाबांनी पार गळून गेलेली. बोटांना मुंग्या येतायत म्हणाली. मी तिच्यासाठी पाणी आणायला स्वयंपाकघरात गेले आणि ओट्यावर दुधाचा रिकामा पेला दिसला. तळाशी पांढरा गाळ… आणि शेजारी फाडलेल्या पुड्या. दिवसभराच्या सगळ्या.

या पुड्या फॉस्फेटच्या. मला जन्मापासून असलेला आजार म्हणजे, शरीर फॉस्फेट धरून ठेवत नाही, ते लघवीवाटे निघून जातं आणि हाडं मऊ राहतात. लहानपणी गावात सगळे मुडदूसच म्हणायचे. आई मला एसटीनं सोलापूरला आणायची, केमिस्टनं बाटलीत करून दिलेलं खारट औषध नाक दाबून पाजायची. माझे पाय बऱ्यापैकी सरळ झाले ते त्यामुळे.

ती स्वतः मात्र आयुष्यभर झुलत चालली. शेतात ओझी उचलून कंबर गेली, असंच सगळ्यांना वाटायचं. या वर्षी मांडीच्या हाडाला चीर गेली म्हणून तिला माझ्याकडे सोलापूरला आणलं, तेव्हा कळलं… तिलाही तेच आहे. माझ्याकडे ते तिच्याकडूनच आलंय.

त्या दिवशी दवाखान्यातून येताना रिक्षात तिनं एवढंच विचारलं, "म्हंजी माज्यामुळं व्हय?" मी नाही म्हणाले. ती बाहेर बघत राहिली.

डॉक्टरांनी तिलाही पुड्या सुरू केल्या आणि त्यासोबत व्हिटॅमिन डीची गोळी. मी सगळं समजावलं होतं. एक पुडी, पेलाभर पाण्यात पूर्ण विरघळवून, जेवणानंतर सावकाश प्यायची. दिवसात विभागून. बाकीचे दिवस ती नीट घेतही होती… सोमवार सोडून. सोमवारी तिचा उपवास असतो, संध्याकाळी दिवा लावून सोडते. त्या दिवशी मी ऑफिसात, आणि ती सगळं ठीक म्हणायची.

डॉक्टरांना फोन केला, त्या म्हणाल्या लगेच घेऊन या. सलाईन लागलं. कॅल्शियम खाली आलं होतं, म्हणून मुंग्या. किडनीचा रिपोर्ट ठीक आला, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

जरा बरं वाटल्यावर तिला विचारलं, हे काय केलंस?

"दिसभर उपास. मग संद्याकाळी एकदमच टाकल्या दुदात. हाडाचंच औशिद हाय न्हवं? दूद बी हाडालाच की."

"अगं, पण चव तरी कशी लागली?"

"लई वंगाळ. तुला ल्हानपणी पाजलं, त्याची भरपाई झाली बग."

डॉक्टरही हसल्या. मग आईच्या शेजारी बसून त्यांनी शांतपणे सांगितलं. दुधातलं कॅल्शियम आणि हे औषध एकमेकांना धरून बसतात, मग हाडापर्यंत नीट पोचत नाही. कॅल्शियमच्या किंवा ॲसिडिटीच्या गोळ्यांबरोबरही घ्यायचं नाही, मध्ये वेळ सोडायचा. आणि एक पुडी राहिली तर राहिली… पुढची वेळेवर घ्यायची, दोन्ही मिळून कधीच नाही. एकदम जास्त गेलं की पोट बिघडतं, कॅल्शियम खाली येतं, किडनीला त्रास होतो. म्हणूनच अधूनमधून रक्त आणि लघवी तपासायची. हे वाचणाऱ्या कुणाच्या घरात हे औषध असेल, तर डोस डॉक्टरांनाच विचारा, आमच्याकडे बघून ठरवू नका.

"आणि आजी, उपवास?" डॉक्टरांनी विचारलं. आईनं कूस बदलली.

घरी आल्यावर मी चिडलेच. पूर्वी सोमवारी निदान चहा तरी घ्यायचीस, भगर खायचीस. आताच एवढं कडक कशाला? आत्ताच तर तुला पोटात अन्न हवंय.

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग म्हणाली, "तुज्या पायासाठी बोललेला हाय उपास. तू ल्हान हुतीस तवापास्नं. आता कळलं की दुखणं माजंच हुतं… मग नको का जरा जास्त करायला?"

इतकी वर्षं मला वाटत होतं, तिला सवय आहे. घरातल्या बायका करतात, तशी ती करते. रिक्षात मी म्हटलेलं 'नाही' तिच्यापर्यंत पोचलंच नव्हतं.

मी तिच्या पायाशी बसले आणि तिच्या पावलांना तेल लावलं. तिचे पाय माझ्यापेक्षा वाकडे आहेत, हे मी इतक्या जवळून पहिल्यांदाच बघितलं. कुणी तिला कधी एसटीत घालून सोलापूरला आणलं नव्हतं.

आज रविवार. ती आत झोपलीय. उद्या सकाळी तिच्यापुढे गरम भाकरी ठेवणार आहे, बाजूला पाण्याचा पेला आणि एकच पुडी. ती काय म्हणेल ते मला ठाऊक आहे. ताट सरकवेल आणि म्हणेल, "देवाला बोललेलं हाय, बाय." तरी सांगणार आहे…

आई, माझे पाय झाले तेवढे सरळ पुरेत. तू सोमवार सोड. आता तुझ्या पायांचं मला बघू दे.