ओसरीवरची खाट

निजामी जाऊन चार-पाच वर्षं झाली होती. परभणीच्या एका दवाखान्यात माझ्या शेजारच्या खाटेवर एक म्हातारा मेंढपाळ होता. त्याच्या पायाची जखम इथे आल्यावर चिघळली. "हे जंतू आता पेनिसिलिनला दाद देत नाहीत," डॉक्टर म्हणाले.

ड्रेसर त्याची पट्टी बांधून तसाच माझ्या ताज्या टाक्यांकडे वळला. मेंढरं अडवावीत तशी म्हाताऱ्याने काठी आडवी धरली. "साहेब, अगुदर साबणानं हात धुवा."

मग लंगडत त्याने आपली खाट ओसरीवर ओढत नेली. बाहेर थंडी होती. "बाबा, आत या," मी म्हणालो.

"रोगी मेंढरू आमी कळपात ठिवत न्हाई."

रोज पट्टी झाली की तो ड्रेसरपुढे साबण धरायचा. त्याचा पाय शेवटी कापावा लागला. माझे टाके कोरडेच राहिले.