आतल्या ओळीतली झाडं

आमचे हे, म्हणजे मोरेश्वर कळंबे, रोज दूधवाल्यासमोर दुधात बोट बुडवून पाहतात. दूधवाला तीस वर्षं तोच आहे. एकदा तो बिचारा चिडला, तर हे म्हणाले, "तुह्यावर नाही गा, तुह्या म्हशीवर शंका हाय."

मी चोवीस वर्षं सौंसरच्या शाळेत शिकवलं, पोरांच्या हजार सबबी ऐकल्या, पण असा संशय मला कधी जमला नाही. यांचं मात्र पोटच त्यावर चालतं. व्यापारी संत्र्याची बाग झाडावरच विकत घेतात, आणि त्याआधी माल किती निघेल ते पाहायला यांना पाठवतात. शेतकरी रस्त्याकडची फळांनी लदलेली झाडं दाखवतो. हे हसून मान डोलावतात आणि सरळ आतल्या ओळीत शिरतात. बागेत येण्याआधीच नाला पाहून आलेले असतात, कारण गळलेली फळं लोक तिथंच नेऊन टाकतात. पांढुर्ण्यात यांच्याइतका अचूक अंदाज कोणाचा नाही, हे मी बायको असूनही कबूल करते.

गेल्या वर्षी मनोहरशेठना बास्केटबॉलचं खूळ लागलं. शेठ संत्र्याचे मोठे व्यापारी, हौसही तशीच मोठी. नागपूरपासून बैतूलपर्यंतच्या आठ संघांची मुलींची लीग निघाली होती, खेळाडूंना मानधन, सहा महिन्यांचा सीझन. शेठनी पांढुर्ण्याचा संघ उतरवला आणि यांना मॅनेजर केलं. यांना बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. शेठ म्हणाले, "खेळ कोच पाहीन, तुमी माणसं पाहा."

कोच होता सौंसरचा केतन. बोलायला कमी, शिट्टी वाजवायला जास्त. संघाचा जीव होती लोधीखेड्याची प्रणाली, आमच्याच मागच्या खोलीत राहायची. शेठनी एक गोष्ट पहिल्याच दिवशी जाहीर केली होती. सीझन संपेपर्यंत जिचं नाव संघाच्या यादीत राहील, तिला त्यांच्या शाळेत क्रीडाशिक्षिकेची जागा. प्रणालीचे डोळे त्या जागेवर होते. तिच्या घरी तिच्या लग्नाची बोलणी सुरू झाली होती, आणि नोकरी मिळाली तरच ती बोलणी थांबणार होती.

तिसऱ्या महिन्यात केतननं तिला बाकावर बसवलं. एक सामना, दुसरा, तिसरा. तिन्ही हरलो. यांच्या कपाळावरची शीर उडायला लागली.

"चांगलं झाड झाकून ठेवून राहिला तो. काऊन?"

"अवो, कोच हाय तो. काही कारण असन."

"तेच त पाहून राहिलो मी."

आणि पाहिलं. तिगावला बाग बघायला गेले होते, तर स्टेशनवर केतन उभा. त्यानं एक मोठं खाकी पाकीट एका माणसाच्या हातात दिलं आणि तो माणूस नागपूरच्या गाडीत चढला. माणूस कोण, तर नागपूरच्या संघाचा सहायक. पांढुर्ण्याचं स्टेशन सोडून तिगाव कशाला? यांना नाला सापडला होता.

केतन नागपूरला विकला गेला, असं यांनी त्याच रात्री शेठना सांगितलं. दुसऱ्या दिवशी शेठनी केतनला बोलावून विचारलं, पाकिटात काय होतं? तो म्हणाला, "सांगता येत नाही." बस. पंधरवड्यात पुढचा सामना होता, केतनला त्याच दिवशी काढलं.

हे दुपारी जेवताना मला सगळं रंगवून सांगत होते. पण त्या पाकिटात काय होतं ते मला ठाऊक होतं. प्रणालीच्या गुडघ्याची एमआरआय. हे बागेत गेले की ती पोर माझ्या स्वयंपाकघरात येऊन गुडघा शेकायची. केतनला आणि मला तिनं शपथ घातली होती. "काकांले सांगू नका काकू. ते शेठले सांगतीन, अन् माह्यं नाव कटन." केतननं छिंदवाड्याहून फिल्म काढून आणली आणि पांढुर्ण्यात कोणी पाहू नये म्हणून तिगावहून मित्राच्या हाती नागपूरच्या डॉक्टरकडे पाठवली. तो मित्र समोरच्या संघात होता, एवढाच त्याचा गुन्हा.

मी एवढंच म्हणाले, "जरा थांबले असते तुमी."

"तुले काय माहीत त्यातलं?" हे म्हणाले.

मी शब्द दिला होता, हे खरं. पण बोलले असते तर यांनी मलाच आधी विचारलं असतं की इतके दिवस का लपवलंस, आणि मला ते नको होतं, हेही तितकंच खरं. एका सरळ माणसाची अब्रू गेली आणि मी भात कालवत राहिले. त्याची मला आजही लाज वाटते.

भोपाळहून नवे कोच आले. यांनी पहिल्याच दिवशी त्यांना सांगितलं, प्रणालीला उतरवा. ती उतरली. बाकावर बसून नोकरी मिळणार नाही, असं तिलाही वाटायला लागलं होतं. केतननं तिला फोनवरून खेळू नको म्हणून सांगितलं, मी खडसावलं, तर म्हणाली, "चार सामने त खेळू द्या काकू." त्यातले तीन जिंकलो. हे घरी येऊन मला विचारायचे, "पाह्यलं?" चौथ्या सामन्यात, नागपुरात, ती चेंडूसाठी उडाली आणि खाली आली ती उठलीच नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी गुडघा पाहिला, नाव विचारलं आणि कपाटातून खाकी पाकीट काढलं. "हिची फिल्म तर माझ्याकडे आली होती. केतन सरांना मी कळवलं होतं, महिनाभर खेळवू नका म्हणून."

हे घरी आले ते पायही न धुता माझ्यासमोर बसले.

"तुले माहीत होतं?"

"हो."

"मले काऊन नाही सांगतलं?"

"तुमाले कोणी काही सांगते का?" मी म्हणाले. बोलल्यावर मला वाईट वाटलं, पण शब्द मागे घेतला नाही.

गुडघ्याचं आपल्यापासून लपवलं म्हणून चिडून भोपाळचे कोच आठवड्याभरात निघून गेले. हे सौंसरला केतनच्या दारात गेले आणि हात जोडले. त्यानं यांना बसायला खुर्ची दिली, चहा दिला, आणि एकच विचारलं, "पोरीचं नाव यादीत राहीन का?" "शेठले विचारतो," एवढंच हे म्हणाले. तरी तो परत आला.

ऑपरेशन टळलं होतं. दीड महिना व्यायाम, आणि दुखणं पूर्ण थांबलं तरच खेळायचं, असं डॉक्टरांनी बजावलं. शेठ म्हणाले, शेवटच्या सामन्यात पाच मिनिटं तरी उतरू दे, नाहीतर नाव काढतो. दर गुरुवारी हे तिला गाडीनं नागपूरला न्यायचे. प्रत्येक वेळी विचारायचे, दुखतं का. ती म्हणायची, "नाही काका. बिलकुल नाही."

सामन्याच्या दोन दिवस आधी हे ओट्याजवळ येऊन उभे राहिले.

"मले त नाही म्हणते. तुले काय सांगते?"

याही वेळी तिनं मला शपथ घातलेली होती.

"दुखते," मी म्हणाले. "पायरी चढताना भिंत धरते."

कशावरून, असं यांनी विचारलं नाही. तीस वर्षांत पहिल्यांदा. चपला घातल्या आणि शेठकडे गेले. "पोरगी उतरणार नाही, अन् नावही निघणार नाही. चूक माही हाय. नाव काढाचं असन त माहं काढा, अन् बागा पाहाले दुसरा माणूस पाहा." शेठ खूप तडकले. पण हंगाम तोंडावर होता आणि यांच्यासारखा माणूस दुसरा नव्हता. नाव राहिलं.

सामना नऊ गुणांनी हरलो. प्रणाली जर्सी घालून केतनशेजारी बाकावर बसली होती आणि गळा फाटेस्तोवर ओरडत होती.

पुढच्या गुरुवारी हे परत आले, हातपाय धुतले, आणि सांगू लागले. स्टेशनच्या जिन्यावर ती मध्येच थांबली होती आणि म्हणाली होती, "काका, हळू चला. दुखते."

"मंग?"

"मंग काय, थांबलो."

एवढीशी गोष्ट. संध्याकाळपर्यंत यांनी मला ती तीनदा सांगितली.