पाक ऐकणारा माणूस

बजरंगआबांनी आयुष्यात पाक कधी बघितला नाही, ऐकला.

लोणावळ्याच्या चिक्की कारखान्यात ते एकोणिसाव्या वर्षी लागले, ते भाजलेल्या शेंगदाण्यांची सालं पाखडायला. भात झोडून घरात आला की कार्ल्याहून जीपमध्ये कोंबून बसायचं आणि लोणावळा गाठायचं, असा तेव्हा गावातल्या कितीतरी तरुणांचा शिरस्ता होता. कारखान्यात कढईवर सीताराम नावाचे जुने कारागीर बसत. तिसऱ्या वर्षी त्यांनी आबांना हाक मारली. उकळत्या गुळाचा एक थेंब गार पाण्याच्या वाटीत सोडला, त्याची गोळी झाली ती दोन बोटांनी उचलली आणि पितळी ताटलीवर टाकली. टण्ण.

"काय समजलं?"

"आवाज आला."

"मग झाला पाक. थप्प वाजलं तर कच्चा, टण्ण वाजलं तर पक्का. रंग फसवतो, डोळं फसत्यात. ताटली खोटं बोलत न्हाई."

या एका वाक्यावर आबांनी अडतीस वर्षं काढली. दारात पाठमोरं उभं राहून चहा पिताना "दोन नंबरची आजून कच्ची हाय रं" असं म्हणायचे, आणि ती खरंच कच्ची निघायची. नवखी पोरं पाण्यातली गोळी दाताखाली धरून बघायची. कट्ट मोडली तर पाक झाला. आबांना ते मुळीच खपायचं नाही. डोंगरावरच्या वाडीतला तुषार नावाचा नवा कारागीर एकदा असा गोळी चावताना सापडला तेव्हा आबा सगळ्यांदेखत म्हणाले, "चावूनच पाक बघायचा तर शेठनं कढईवर उंदीर बसवलं असतं." ती म्हणच झाली कारखान्यात. तुषारला पुढे वर्षभर कुणी नावानं हाक मारली नाही.

गेल्या दोन वर्षांत मात्र एक गोष्ट झाली होती आणि ती आबांनी कुणाला सांगितली नव्हती.

त्यांना माणसांचं बोलणं ऐकू यायचं, ट्रकचा भोंगा ऐकू यायचा, मुलाचं घोरणंही ऐकू यायचं. पण बारीक, टोकदार आवाज एकेक करून निघून गेले होते. आधी कुकरची शिट्टी गेली. मग मोबाईलची रिंग. मग नातीनं मागून मारलेली हाक. आणि एका सकाळी गोळी ताटलीवर पडली, तेव्हा ती पडलेली दिसली फक्त.

कारखान्यात निभावत होतं. कढई तीच, आच तीच, गूळ त्याच व्यापाऱ्याचा. पाक ढवळायचं खुरपं किती जड लागतंय यावरून हाताला बरोबर कळायचं. तरी आबा न चुकता गोळी टाकायचे आणि मान तिरपी करून ऐकल्यासारखं करायचे. पण संक्रांतीनंतर मोठी नवी कढई सुरू होणार होती आणि शेठ म्हणाले होते, "तिच्यावर तुम्हीच, आबा. नवं भांडं आहे, तुमच्या कानाशिवाय जमायचं नाही."

कानाशिवाय! तो शब्द आबांना काट्यासारखा रुतून बसला. हे उघडं पडलं की आपल्याला कढईवरून उठवणार आणि पॅकिंगच्या टेबलावर लेबलं चिकटवायला बसवणार. कष्टाला ते कधी भ्यायले नव्हते. उठायला भीत होते.

भोगीच्या दिवशी दुपारी घरात सगळे चुलीभोवती जमले. या घरचा रिवाज असा, की संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून आबांच्या हातची तिळाची चिक्की द्यायची. आळीतल्या चाळीस बायका त्या वाणाची वाट बघायच्या. आणि ती चिक्की सगळ्यांनी मिळून करायची. आबांच्या बायकोनं, लीलाबाईंनी, तीळ भाजायचे. सून यशोधरानं वेलदोडा कुटायचा. चौथीतल्या प्रेरणानं पाट्यावर तूप पुसायचं. आणि मुलगा महिपती, त्यानं गरम वडी लाटून कापायची. पाक फक्त आबांचा.

यशोधरानं सकाळीच चुलीपासून चार हात लांब जमिनीवर खडूची रेघ मारून ठेवली होती. "प्रेरणा, ही रेघ ओलांडलीस तर तीळगूळ नाही. पाक तेलासारखा ओघळून जात नाही गं, कातडीला चिकटून बसतो." हे तिनं दुपारपर्यंत सहा वेळा सांगितलं होतं. प्रेरणा अंगठा रेघेवर ठेवून, "आई, बघ, ओलांडली नाही," असं म्हणत उभी होती.

यंदा एकच फरक होता. लीलाबाईंचा घसा पार बसला होता. डॉक्टरांनी तीन दिवस तोंडातून शब्द काढायचा नाही म्हणून बजावलं होतं. प्रेरणाची पाटी कमरेला लावून त्या घरभर हुकूम लिहीत फिरत होत्या. आत्ता पाटीवर होतं : तीळ हलवायला उलतनं कुनी नेलं.

महिपती हसून म्हणाला, "गोड बोला म्हणायचा सण, आन आईचा आवाजच बंद. आबा, तुमची संक्रांत लय सुखाची जानार."

"आरं, चाळीस वर्सांत पयल्यांदा शांत पाक करतोय मी," आबा म्हणाले. "न्हाईतर हिची आपली किरकिर. उतरवा, उतरवा, किती आटवताय, उतरवा! अडतीस वर्सं कारागिरी केली, आन मला शिकवती."

लीलाबाईंनी पाटी पुसली. काहीच लिहिलं नाही. चुलीत एक लाकूड पुढे सारलं.

गूळ विरघळला, फेसाळला, गडद झाला. आबांनी थेंब पाण्यात सोडला, गोळी उचलली, ताटलीवर टाकली. मान तिरपी केली. घरचं पातेलं लहान. चुलीची आच वर-खाली. कारखान्यात हाताला कळायचं ते इथे कळेना. त्यांनी दुसरी गोळी टाकली. लीलाबाई जोरजोरानं हात हलवत होत्या. आबांना वाटलं, घाई करते आहे.

"झाला!" ते ठणकावून म्हणाले आणि पातेलं उतरवलं.

तीळ पडले, पाट्यावर गोळा पडला, महिपतीनं लाटला, वड्या पाडल्या. दहा मिनिटांनी प्रेरणानं पहिली वडी तोंडात टाकली. दात रोवले. मग तिचे डोळे मोठे झाले.

"म्म्म."

"काय झालं गं?" यशोधरा धावली.

"म्म्म्म!" प्रेरणानं दोन्ही हातांनी जबडा धरला. वरचे दात आणि खालचे दात एकमेकांना घट्ट चिकटले होते.

महिपतीनं एक वडी ओढून बघितली. ती वीतभर लांबली. "आबा, ह्यो तर डिंक झाला. उद्या हे वाण दिलं की चाळीस बायका गप. गावात शांतता."

सगळे हसले. आबाही हसले, पण जरा उशिरा. "गूळ वल्ला हाय ह्यो," ते म्हणाले. "दुसरी ढेप फोड."

दुसरी ढेप फुटली. पुन्हा पातेलं चढलं. पुन्हा थेंब, पुन्हा गोळी, पुन्हा ताटली, पुन्हा तिरपी मान.

"झाला."

"आबा, पण ताटली वाजली नाही," रेघेवरून प्रेरणा म्हणाली. तिची जीभ आता सुटली होती.

"काय म्हंतीस?"

ती ओरडून म्हणाली, "ताटली वाजलीच नाही! थप्प झालं!"

"वाजली की. तुझ्या कानात मळ हाय."

"नाही वाजली. टाका बरं परत."

आबांनी परत टाकली. सगळ्यांनी ऐकलं. थप्प. सगळ्यांनी आबांकडे बघितलं आणि आबांना त्या बघण्यावरून कळलं की ताटली वाजली नाही.

लीलाबाईंनी पाटी घेतली. त्यांचं शिक्षण चौथीपर्यंतचं. त्यांनी सावकाश, एकेक अक्षर कोरल्यासारखं लिहिलं आणि पाटी आबांच्या मांडीवर ठेवली.

दोन वरसं झाली. ताटली वाजली की मी उतरवा म्हनते.

आबांनी ते दोनदा वाचलं. गेल्या दोन संक्रांती, शिमग्याचा गूळपाक, दिवाळीचे लाडू, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं. प्रत्येक वेळी ते ताटलीकडे कान लावून बसलेले, आणि प्रत्येक वेळी मागून हिची किरकिर. उतरवा, किती आटवताय, उतरवा. आणि ते पातेलं उतरवायचे, वर म्हणायचे, बाई गप बसंना म्हणून उतरवलं.

ते उठले आणि अंगणातल्या दगडावर जाऊन बसले.

आत यशोधरा हळू आवाजात म्हणाली, "मला वाटायचं ते मुद्दाम ओ देत नाहीत. आपण दवाखान्यात न्यायला हवं होतं त्यांना." लीलाबाई मात्र उठल्या, पातेलं पुन्हा चुलीवर ठेवलं आणि उलतनं हातात घेतलं. चूल कुणासाठी थांबत नसते.

थोड्या वेळानं प्रेरणा पाण्याची वाटी धरून अंगणात आली. रेघ तिनं ओलांडली नव्हती. वाटी आजीनं रेघेपर्यंत आणून दिली होती. वाटीत तीन गोळ्या होत्या.

"आबा, आजीनं पाठवल्यात. झालाय का बघा."

"ताटली तुमच्याजवळ हाय. तुमीच ऐका."

"ताटली नको. हे बघा." तिनं एक गोळी दाढेखाली धरली आणि चावली. तिच्या गालाचं हाड हललेलं आबांना दिसलं. "कट्ट झालं. आता तुम्ही."

"मी न्हाई चावत. मी काय उंदीर हाय?"

"घ्या ना. दात आहेत ना तुम्हाला?"

दात होते. बत्तीसच्या बत्तीस, उसावर पोसलेले. आबांनी नातीच्या आग्रहासाठी गोळी दाढेखाली धरली आणि दाबली.

कट्टाक!

ते दचकलेच. आवाज बाहेरून आला नव्हता. जबड्यातून वर चढून थेट डोक्यात फुटला होता. कोरडा, स्वच्छ, कसलाही किंतु नसलेला. असा आवाज त्यांनी दोन वर्षांत ऐकला नव्हता. त्यांनी दुसरी गोळी चावली. कट्टाक. दोन गोळ्या, दोन्ही पक्क्या. म्हणजे आत पातेलं अजून चुलीवर असेल तर...

"उतरवा!" आबा अंगणातूनच ओरडले आणि आत धावले. "आगं उतरव, जळंल! उतरव!"

लीलाबाईंनी पातेलं आधीच खाली ठेवलं होतं. दोन्ही हात कमरेवर ठेवून त्या नवऱ्याकडे बघत होत्या आणि आवाज न काढता हसत होत्या.

त्या घाण्याची चिक्की पाट्यावरून सुटताना काचेसारखी तडकली. कच्चा राहिलेला पहिला घाणा आबांनी परत पातेल्यात घातला, थोडं पाणी शिंपडून पाक नव्यानं आणला, आणि दर थोड्या वेळानं गोळी चावत बसले. महिपतीला राहवलं नाही.

"आबा, शेठनं कढईवर..."

"व्हय व्हय, उंदीर बसवलाय," आबा म्हणाले. "वड्या पाड गुमान."

दुसऱ्या दिवशी चाळीस बायकांनी वाण नेलं. त्यातल्या सरूबाईंनी तिथेच एक वडी मोडली. तो आवाज म्हणे ओटीपर्यंत गेला. आबांना तो ऐकू आला नाही, पण सरूबाईंनी मान डोलावली ती दिसली.

यशोधरानं त्याच आठवड्यात त्यांना तळेगावला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. यंत्र मिळेल, वेळ लागेल असं ठरलं. आबा म्हणाले, मिळू दे. तोवर शेठला मी सांगतो.

नव्या कढईचा पहिला दिवस होता. नारळ फुटला, गूळ पडला. आबांनी खुरपं हातात घेण्याआधी शेठना बाजूला बोलावलं, पण बोलले ते मोठ्यानं, कारण हळू बोललेलं त्यांना स्वतःलाही नीट कळत नव्हतं.

"शेठ, माझा कान गेला. बारीक आवाज येत न्हाई. पाक मी दातानं बघनार. बसू, का उठू?"

सगळा कारखाना थांबला. शेठ ताटलीकडे बघत राहिले, मग आबांकडे.

"पहिला घाणा काढा," ते म्हणाले. "मग बोलू."

गूळ चढला. भांडं नवं, आच अनोळखी. खुरप्याचा भार हाताला काहीच सांगेना. आबांनी थेंब सोडला, गोळी दाढेखाली धरली. मऊ. वाट बघितली. दुसरी. लवली, मोडली नाही. शेजारी तुषार उभा होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर वर्षभराचा हिशेब चुकता करणारं हसू फुटायच्या बेतात होतं.

"हस की," आबा म्हणाले. "म्हातारा उंदीर हाय. पर दात बघ."

त्यांनी तिसरी गोळी चावली. आवाज डोक्यात लख्ख फुटला. वाटीतली आणखी एक गोळी त्यांनी तुषारच्या हातावर ठेवली. त्यानंही ती चावली, आणि त्याचं हसू गेलं आणि मान हलली.

मग आबांनी खुरपं उचललं आणि थेट लीलाबाईंच्या सुरात, कारखानाभर घुमेल असं ओरडले, "उतरवा! किती आटवताय, उतरवा!"