शिकाऊ बाई

पावसाने दगा दिलेल्या त्या वर्षी सरकारने नंदुरबारात एक नवीन काम काढलं. धर्माच्या पेजेवर जगणाऱ्या आमच्यासारख्या बायकांना विणकाम शिकवायचं. माग एका शेठजीच्या पडवीत. शिकाऊ बाईची मजुरी सरकार भरायचं, कापड शेठजी विकायचा. माझा नवरा गेलेला, पदरात लहान पोर. त्या मजुरीवर तिला रोज भाकरी मिळायची. बाकी जगाचं मला काही पडलेलं नव्हतं.

हळूहळू माझा हात बसला. धोटा असा धावायचा की माझं मलाच कौतुक वाटायचं. शेजारच्या मागावर सारंगखेड्याकडची एक म्हातारी होती, माझ्या आधीपासूनची. तपासणीचा साहेब येणार असं कळलं की ती आणि बाकीच्या बायका मुद्दाम दोरे तोडत, कापडात गाठी सोडत.

"तूबी दोन दोरा तोडी टाक, पोर," ती म्हणाली. "शिकी गयी आसं दिसनं का घर धाडतीन."

माझं डोकंच फिरलं. पेजेच्या रांगेत मान खाली घातली होती, आता कामातही घालू? "मन्हं काम मी बिघाडनार नही," मी ताडकन म्हणाले. काय तो माज!

साहेबाने माझं कापड उजेडात धरलं. एक गाठ सापडेना. "ही बाई तयार झाली," तो खूश होऊन म्हणाला आणि तिथल्या तिथे माझी सरकारी मजुरी बंद केली.

शेठजी गोड हसला. "बाई, तुमले आते कोठेबी काम मिळी जाई."

"मंग तुम्हीच द्या ना."

आता मजुरी त्याच्या खिशातून जाणार होती. "जागा नही," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी माझ्या मागावर नवी शिकाऊ बाई बसली.

आपला हात जगन्नाथ म्हणे! माग दुसऱ्याचा असला की जगन्नाथ बसतो उपाशी. पेजेच्या रांगेतूनही मला हाकललं. कसब आलेल्या बाईला फुकटचं कशाला, असा हुकूम होता. त्या साहेबाचा आणि शेठजीचा राग अजून माझ्या पोटात आहे.

पोर रडून रडून गप्प झाली, तेव्हा मी सडकेच्या कामावर गेले. मुकादमाने आधी कसबाचंच विचारलं, "काही कसब येस का तुले?"

"काहीच येस नही."

त्याने खडी फोडायला हातोडा दिला. पोरीची भाकरी पुन्हा सुरू झाली. उन्हाळा सरेपर्यंत माझी बोटं इतकी फाटली, की सूत हातात धरलं तर भेगाभेगांत अडकायचं. मुकादमाला सांगितलं होतं ते खरं झालं.