गोठ्यातल्या कप्पीला लटकलेले अण्णा

स्वस्ति श्री अखिल-तीर्थपुरी-मोसंबी-मंडलाधीश्वर, जीर्ण-जानु-धुरंधर, औषध-गुटिका-पलायन-पंडित, गोष्ठस्थ-व्यायामशाला-संस्थापक, श्रीमान अण्णा, अर्थात माझे थोरले बंधू, गेले.

हृदयाने दगा दिला. गुडघ्यांना कोणीही दोष देऊ नये.

आज तेरावे आटोपले. आप्तेष्ट आपापल्या वाहनांनी मार्गस्थ झाले. मी गोठ्यात बसून हे टंकतो आहे, कारण मोबाइलची रेंज फक्त येथेच येते.

अण्णांच्या दोन्ही गुडघ्यांतील कूर्चा झिजली होती. ते उठत तेव्हा असा काही ध्वनी निघे की गाय रवंथ थांबवून पाही.

मोसंबीच्या बागेत जाणे बंद झाले. झाडे वाळत असल्याच्या वार्ता त्यांना खाटेवर मिळू लागल्या.

अण्णांचा मुलगा, माझा पुतण्या प्रशांत, जालन्याला एमआयडीसीत नोकरी करतो. त्याने अत्यंत विनयाने प्रस्ताव मांडला, “अण्णा, बाग काढू. सोयाबीन लावू. तुम्हाला तर आता जाणं व्हत न्हाई.”

हे शेवटचे वाक्य त्याने उच्चारायला नको होते.

“माझे गुडघे गेले म्हणून बाग जाणार न्हाई,” अण्णा म्हणाले. “मी सोता शेवटच्या झाडापातुर चालत जाईन. डोळ्यानं बघीन. मंग सांगीन. तवर कुऱ्हाड लावायची न्हाई.”

पेरणीच्या आत चालून दाखवायचे, असे ठरले. बाप-लेकांतला हा तह. साक्षीदार मी आणि गाय.

मी त्यांना जालन्याला फिजिओथेरपिस्ट मॅडमकडे नेले. तेथे ट्रेडमिल होते, आणि वरून लोंबणारा एक पट्टा. तो कमरेला बांधून मॅडमनी अण्णांना किंचित वर उचलून धरले.

“काका, तुमचं थोडं वजन पट्टा घेतोय. गुडघ्यावर भार कमी येतो. झीज भरून येणार नाही, पण मांडीचे स्नायू बळकट होतील, दुखणं कमी होईल. तुम्ही फक्त चाला.”

“बाई, मी चालून राह्यलो न्हाई, लटकून राह्यलो.”

पण चालले. कण्हणे नाही, शिवी नाही. उतरल्यावर माझ्याकडे पाहून एवढेच म्हणाले, “मध्या, बिलकुल दुखलं न्हाई रे.”

त्या वाक्यासाठी मी पेट्रोल, रजा आणि प्रतिष्ठा, तिन्हींचा होम करण्यास सिद्ध झालो.

अडचण प्रवासाची होती. जालन्याला गुडघे जेवढे सुधारत, तेवढेच तीर्थपुरीच्या रस्त्यावर परतताना बिघडत.

तेव्हा आमच्या ज्येष्ठ बंधूंच्या प्रज्ञेचा स्फोट झाला.

गोठ्यात पोती उचलायची साखळीची कप्पी होतीच, आडव्या लोखंडी गर्डरवर मागेपुढे सरकणारी. ट्रकवर माल बांधायचा पट्टा अण्णांनी काखेतून घेतला, कडीत अडकवला आणि वहिनींना आज्ञा केली, “ओढ.”

वहिनींनी साखळी ओढली. आयुष्यभराचा हिशेब चुकता करावा, अशा निष्ठेने ओढली.

अण्णांचे दोन्ही पाय जमिनीपासून सुटले.

“अगं, खाली घे!”

“आधी सांगा, बीपीची गोळी घेतली का?”

“आधी खाली घे!”

“आधी सांगा.”

“... न्हाई घेतली.”

“काल?”

हिंदोळणाऱ्या अण्णांनी गायीकडे पाहिले. गायीने तटस्थ राहणे पसंत केले.

मी त्याचा व्हिडिओ काढून मॅडमना पाठवला. त्यांचा फोन तत्क्षणी आला. “काखेत पट्टा? जीव जाईल काकांचा! मी येईपर्यंत सगळं बंद.”

रविवारी त्या स्वतः आल्या. क्लिनिकमधला जुना पट्टा आणला. तो कमरेला आणि मांड्यांना धरायचा. भार किती घ्यायचा, ते वहिनींना स्वतःच्या हाताने साखळी ओढायला लावून शिकवले. पाय जमिनीला पूर्ण टेकलेलेच हवेत. बरे वाटू लागले की आधार थोडा थोडा कमी करायचा.

मग रोज सकाळी दूध काढून झाले की गर्डरखाली ती फेरी सुरू होई. अण्णा चालत. वहिनी साखळी धरून शेजारून चालत.

चाळीस वर्षांच्या संसारात ही दोघे शेजारी शेजारी चाललेली मी प्रथमच पाहत होतो. एरवी अण्णा नेहमी पुढे असत.

उन्हाळा सरता सरता साखळी सैल पडू लागली. मग पट्टा सुटला. मग काठी घेऊन ओसरी. मग बांध.

आणि पेरणीच्या तोंडावर एका सकाळी ते निघाले. मागे प्रशांत, त्याच्या मागे मी. शेवटच्या झाडापाशी पोचायला बराच वेळ लागला.

त्यांनी झाडाची साल नखाने खरवडून पाहिली. आत कोरडे होते. शेजारचे झाड पाहिले. त्याच्या शेजारचे.

मग प्रशांतच्या खांद्यावर हात ठेवला.

“काढून टाक.”

प्रशांतच रडू लागला. “अण्णा, राहू द्या ना. दोन ओळी तरी ठेवू.”

“न्हाई बाबा. वाळली म्हणून काढायची. माझ्यानं चालणं व्हईना म्हणून न्हाई. बराबर?”

परत येताना त्यांनी कोणाचाही आधार घेतला नाही.

सोयाबीन उगवलेले त्यांनी पाहिले. रोज चालत जाऊन पाहिले. ज्या सकाळी गेले, त्या सकाळीही बांधावरूनच आले होते. ओसरीवर टेकले, पाणी मागितले. वहिनी तांब्या घेऊन आल्या, तोवर संपले होते.

गोळी घेतली होती का, हे वहिनींनी अजून कोणाला विचारलेले नाही.

अण्णा, तुमच्या त्या चालण्याला माझा साष्टांग नमस्कार. साष्टांग लेखीच स्वीकारावा. माझेही गुडघे आता वाजू लागले आहेत.

राहता राहिली कप्पी. तिची कडी अण्णांच्या मापाने खाली घेतलेली आहे, म्हणजे नेमकी माझ्या कपाळाच्या उंचीवर. गायीकडे जाताना वाकावे तर गुडघे कुरकुरतात, न वाकावे तर टेंगूळ येते. आज दुसरे आले. साखळीची कोणती बाजू ओढली की कडी वर जाते, हे वहिनींना ठाऊक आहे, पण त्या गोठ्यात येत नाहीत. मी दोन्ही बाजू ओढून पाहिल्या.

ती खालीच येते आहे.