कॅलेंडर इतकं खाली का?

ते प्रकरण आजही जसंच्या तसं डोळ्यांपुढे येतं. विसरावं म्हटलं तरी सोय नाही, कारण आमची मुलगी माहेरी आली की प्रत्येक पाहुण्याला ते चहाबरोबर वाढते, आणि दर वेळी त्यात माझा मूर्खपणा थोडा वाढलेला असतो. तेव्हा तपासी अधिकाऱ्यानं स्वतःच एकदा हकिगत लिहून काढलेली बरी. नाव कुणाचं घेणार नाही. ती नोकरीतली सवय आहे.

या प्रकरणाची कुठल्याही ठाण्यात नोंद नाही. ठाणे अंमलदारापर्यंत जायची वेळच आली नाही, कारण फिर्यादी, तपासी अधिकारी आणि शेवटी ज्याची चूक निघाली तो इसम, असे तिघेही एकाच घरात राहत होते. त्यातली फिर्यादी म्हणजे माझी बायको. उरलेले दोघे म्हणजे मी.

नोकरी मी मुदतीआधी सोडली. आधी गुडघ्यांनी राजीनामा दिला, त्यांच्या मागोमाग मी. कोपरगावच्या बाहेर, जिथे अगदी अलीकडेपर्यंत ऊस उभा होता तिथे, आम्ही एक एन.ए. प्लॉट घेऊन ठेवला होता. निवृत्तीनंतर गावात भाड्यानं राहायला आलो आणि घर बांधायचं ठरवलं. तोवरचा सगळा संसार पोलीस लाईनीत झालेला. अकोल्यापासून नेवाशापर्यंत जिथे बदली तिथे ट्रंका. आणि सगळीकडच्या क्वार्टर एकाच माणसानं रागाच्या भरात आखल्यासारख्या : पुढे एक खोली, मागे एक खोली, आणि तिच्याही मागे, अंधारात, स्वैपाकघर.

घराचा विषय निघाला त्या दिवशी बायकोनं फिर्याद दिली. एका वाक्याची. "मला स्वैपाकघरातून रस्ता दिसला पाहिजे."

मी हो म्हणालो. म्हणणं ऐकून घेतलं, मान हलवली आणि पुढच्या कामाला लागलो. तुम्ही कधी तक्रार द्यायला ठाण्यात गेला असाल, तर हे कसं होतं ते तुम्हाला सांगायला नको.

मग खबर आली. खबर देणारे आमचे जुने हवालदार. माझ्या थोडे आधी निवृत्त झालेले आणि आता ऊस सांभाळणारे. ते म्हणाले, "सायेब, हायवेला काचंचं हापिस हाय बघा. लई मोठी कंपनी. आपल्या गावात निम्मी नवी घरं त्यांनीच बांधल्यात. डोळं झाकून द्या." एवढ्या खात्रीनं कसं सांगता, असं विचारल्यावर त्यांनी सांगितलं की त्यांच्या मेव्हण्याचा पोरगा तिथेच सुपरवायझर आहे. खबऱ्याचा खबरीत काही स्वार्थ आहे का हे आधी बघावं, असं मी नव्या फौजदारांना कित्येकदा सांगितलेलं आहे. स्वतःला सांगायचं राहून गेलं.

दुसरं नाव बायकोनं आणलं, भिशीतल्या बायकांकडून. मार्केट यार्डामागे एका खोलीत बसणारा एक इंजिनीअर. टेबलावर विटांचे नमुने, कोपऱ्यात वाळूची चाळण, काच म्हणून फक्त चष्म्याची. मी दोघांनाही घरी बोलावलं. चौकशी आपल्या जागेत करावी.

जागेची तयारीही रीतसर केली. पश्चिमेच्या खिडकीसमोर एक खुर्ची मांडली. दुपारनंतर तिथे ऊन थेट तोंडावर येतं. समोरच्याच्या चेहऱ्यावर उजेड असावा, आपल्या चेहऱ्यावर नसावा, म्हणजे खोटं लगेच वाचता येतं. बायको चहा ठेवता ठेवता म्हणाली, "अहो, घर बांधायला माणूस येतोय, पाकीट मारून नाही." मी दुर्लक्ष केलं.

आधी कंपनीचे मालक आले. पांढरा शर्ट, हातात टॅब. आल्या आल्या त्यांनी खुर्ची सहज सावलीत ओढून घेतली आणि पायावर पाय टाकून बसले. मला आवडलं. म्हटलं, माणसात आत्मविश्वास आहे. मी विचारीन त्या प्रश्नाला डोळ्याला डोळा भिडवून उत्तर. काम कधी पूर्ण होईल? सांगितलं. भाव काय? सांगितला. पाया किती खोल? "साहेब, ती चिंता आमची." टॅबवर घर फिरवून दाखवलं. पोर्चमध्ये गाडी, गाडीशेजारी झोपाळा, झोपाळ्यावर माझ्यापेक्षा बराच देखणा एक निवृत्त गृहस्थ. स्वैपाकघर मागच्या बाजूला होतं.

बायकोनं विचारलं, "इथून रस्ता दिसेल का?"

"वहिनी, मागं काही बघण्यासारखं नाहीच," मालक हसून म्हणाले. "मी तुम्हाला मोठा एक्झॉस्ट फॅन देतो."

ती पुढे काही बोलली नाही. मी समजलो, फॅनवर खूश आहे.

मग इंजिनीअर आला. जिथे बस म्हटलं तिथेच बसला. पाच मिनिटांत त्याच्या कपाळावर घाम. दोनदा पाणी मागितलं. डोळे मिचकावतो, नजर टाळतो. भाव विचारला तर म्हणे, "बघावं लागेल." पाया विचारला तर म्हणे, "तुमचं काळं रान आहे. आधी एक खड्डा घेऊ, मुरूम किती खाली लागतोय ते पाहू, मग सांगतो." मुदत विचारली तर छताकडे बघत बसला. शिवाय त्यानं आगाऊपणा केला. माझी चौकशी चालू असताना बायकोकडे वळून विचारलं, "काकू, तुम्ही दिवसभर जास्त वेळ कुठल्या खोलीत असता?"

माझ्यासमोर बसलेल्या माणसानं प्रश्न विचारायचे नसतात. बायकोनं मात्र उत्तर दिलं आणि चांगली पंधरा मिनिटं दिलं. तो गेल्यावर मी निष्कर्ष सांगितला : पहिला सरळ आहे, दुसरा काहीतरी लपवतोय. एवढ्या वर्षांत हजारो चेहरे वाचलेत, मला शिकवू नका.

तरीही खात्री केल्याशिवाय मी पुढे जात नाही. हवालदारांना बरोबर घेऊन कंपनीनं बांधलेली घरं प्रत्यक्ष पाहायला निघालो. पहिलं घर एका प्राथमिक शिक्षकांचं. बेल वाजवल्यावर गुरुजी बाहेर आले, आम्हा दोघांच्या मिशा पाहून सरळ उभे राहिले आणि विचारायच्या आधीच म्हणाले, "आमची काही तक्रार नाही, साहेब." आत बसवलं, पोहे दिले. भिंतीला रंग, सगळं टापटीप. खिडकीखाली नवं कोरं कॅलेंडर. काम कसं आहे? एक नंबर. काही अडचण? छे. पुढच्या घरी खिडकीखाली बर्फाच्या डोंगराचं मोठं चित्र. त्याच्या पुढच्या घरी तिथेच एक उंच शोकेस. सगळे मालक समाधानी. परत येताना हवालदार म्हणाले, "बोललो हुतो का न्हाई?" मी तपास पूर्ण झाल्याचं जाहीर केलं आणि करारावर सही करायची ठरवली.

इथे बायको पहिल्यांदा आडवी आली. म्हणाली, "पौष चालू आहे. माघ लागू द्या, मग सही करा." मी आयुष्यात छापा घालताना पंचांग पाहिलेलं नाही. पण तिनं तशी एकच गोष्ट मागितली होती आणि तिच्या बदल्यात मी तिला फॅन देत होतो. म्हटलं, थांबू.

मधे संक्रांत आली. हळदीकुंकवाचे दिवस. आपल्याकडे रथसप्तमीपर्यंत बायका एकमेकींच्या घरी जातात, तिळगूळ देतात, वाण लुटतात. त्या वर्षी बायकोनं आमच्या भाड्याच्या घरात मोठं हळदीकुंकू ठरवलं आणि आमंत्रणं द्यायला रोज संध्याकाळी बाहेर पडू लागली. ओळखीच्या, बिनओळखीच्या, सगळ्यांना. मला वाटलं, निवृत्तीनंतर हिला माणसांची हौस आली.

एका संध्याकाळी ती परत आली, पिशवीतलं वाण टेबलावर ओळीनं मांडलं. स्टीलची वाटी, कंगवा, चाळणी, प्लॅस्टिकचा डबा. अगदी मुद्देमाल मांडावा तसं. आणि मला म्हणाली, "बसा." मी नेमका त्याच खिडकीसमोरच्या खुर्चीत बसलो.

"गुरुजींच्या घरी कॅलेंडर कुठं आहे?"

"खिडकीखाली. मी तिथंच तर पोहे खाल्ले."

"तारीख बघायला माणसानं उकिडवं बसायचं का?"



मग तिनं सविस्तर सांगितलं. गुरुजींच्या बायकोला तिनं घराबद्दल काहीच विचारलं नव्हतं. हळदीकुंकू लावलं, तिळगूळ दिला आणि सहज म्हणाली, ताई, कॅलेंडर इतकं खाली का लावलंय? त्या बाईंनी एकदा दाराकडे पाहिलं आणि कॅलेंडर उचललं. मागे खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली, बोट जाईल एवढी भेग, तिरकी जमिनीपर्यंत. "आत बी हायेत वहिनी, लई हायेत," त्या म्हणाल्या. "झोपायच्या खोलीचं दार लागतच न्हाई, पाट लावून ठेवावा लागतो. ह्यांनी बजावलंय, कुनाला सांगायचं न्हाई. पोरीचं जमवायचंय. पाव्हणे म्हनतील, नवं घर अन् चिरलं कसं."

बर्फाच्या डोंगरामागेही तेच होतं. शोकेस तिला हलवता आलं नाही, पण त्या घरच्या सूनबाईंनी न हलवताच सगळं सांगितलं. आमची ती काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. पाया खाली मुरमापर्यंत नेला नाही तर वरचं घर तिच्याबरोबर श्वास घेतं.

"आणि त्या घामट इंजिनीअरचं?" मी शेवटचा बचाव केला.

"त्याची तीन घरं पाहिली. एकीनं त्याला अर्धा तास शिव्या घातल्या. काम लांबवलं, फोन उचलत नाही, फरशीचा रंग चुकला, आणि पायासाठी एवढं खणलं की शेजारी विचारायचे, विहीर काढताय का."

"बघ."

"मी बघितलं. तिच्या घरातली सगळी दारं एका बोटानं लागतात. आणि कॅलेंडर डोळ्यांसमोर."

नोकरीत मी एक गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली होती. चोरी झालेला माणूस धावत ठाण्यात येतो. फसवला गेलेला माणूस येत नाही. त्याला माल गेल्याच्या दुःखापेक्षा आपण फसलो हे चारचौघांत कबूल करण्याची लाज मोठी असते. हे मला पाठ होतं, आणि तरी मी मिशा घेऊन दिवाणखान्यात बसलो आणि पुरुषांना विचारलं, घर कसं आहे.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच काचेच्या ऑफिसात गेलो. मालकांच्या खुर्चीमागे कॅलेंडर होतं. ते उचलून पाहिलं.

"काय बघताय, साहेब?"

"तारीख."

मागची भिंत स्वच्छ होती. केसाएवढीही भेग नाही. मी विचारलं, हे तुम्हीच बांधलं का? "नाही साहेब, भाड्याचं आहे," ते अभिमानानं म्हणाले. "जुनं काम, एकदम पक्कं." तोंडातून गेल्यावर त्यांच्याही लक्षात आलं असावं. पुढे गुरुजींच्या भिंतींची आणि दाराची दुरुस्ती कंपनीनं स्वतःच्या खर्चानं करून दिली. मी काही केलं नाही. फक्त अधूनमधून त्यांच्या ऑफिसात चहा प्यायला जात होतो आणि तारीख बघत होतो. गुरुजींच्या मुलीचं लग्नही जमलं. आम्ही दोघं जेवून आलो.

इंजिनीअरला परत बोलावलं. तो पुन्हा त्याच खुर्चीत बसला, पुन्हा घामाघूम. शेवटी मी विचारलंच, की बाबा, एवढा घाबरतोस कशाला?

"साहेब, तुम्ही खुर्ची उन्हात ठेवलीय," तो म्हणाला. "आणि पोलिसांसमोर बसायची सवय नाही."

बायको आत जाऊन हसली. मी मात्र त्या वाक्यावर बराच वेळ अडकलो. पोलिसांसमोर साध्या माणसाला घाम येतोच. ज्याला येत नाही, जो आल्या आल्या खुर्ची सावलीत ओढतो, तो तिथे पूर्वी बसून गेलेला असतो. इतकी साधी गोष्ट मी आत्मविश्वास म्हणून वाचली होती.

माघात खड्डा घेतला. मुरूम लागेपर्यंत शेजाऱ्यांनी आम्हालाही विहिरीचं विचारलं. काम लांबलं, फोन उचलले गेले नाहीत, बाथरूमची फरशी भलत्याच रंगाची आली. हवालदार दर आठवड्याला येऊन बघायचे आणि म्हणायचे, "पाया झकास हाय सायेब, माझी खबर जरा कच्ची हुती." घर उभं राहिलं. स्वैपाकघर पुढच्या बाजूला, ओट्यासमोर मोठी खिडकी, खिडकीतून कोपऱ्यापर्यंतचा रस्ता.

राहायला गेलो त्या संध्याकाळी मी दूध आणायला गेलो होतो. कोपऱ्यावरून वळलो तर खिडकीत ती दिसली. तिनं हातातला झारा नुसता वर केला. मी गुडघे सांभाळत घरात पोहोचलो, तर चहा कपात ओतलेला, वाफाळता. एवढ्या वर्षांत मी घरी आल्यावर मला गरम चहा क्वचितच मिळाला होता, आणि त्यावर मी बोललोही होतो. मागच्या अंधाऱ्या खोलीतून जीप आली की नाही हे तिला कधी कळायचंच नाही. दर वेळी ती ठेवायची, वाट बघायची, निवायचा.

त्या एका वाक्याच्या फिर्यादीत सगळं होतं. मी ती पुन्हा वाचली नाही, एवढीच तपासातली चूक. नव्या अधिकाऱ्यांना मी आता एकच सांगतो : अडकलात की फिर्यादीचा पहिला जबाब पुन्हा ऐका, शक्यतो चहा पिता पिता.

खिडकीचा एक तोटाही आहे. कोपऱ्यावर भजी तळतात आणि डॉक्टरांनी मला ती बंद केली आहेत. परवाच हवालदारांबरोबर तिथे जरा थांबलो होतो. घरी आलो तर चहा तयार होता, साखरेशिवाय.

"दिसलात," ती म्हणाली.