कानपिळीचं हसू

"राइट फ्रंटल लोब," डॉक्टरांनी स्कॅनवर पेन टेकवलं. म्हणजे कपाळामागचा मेंदूचा उजवा भाग. माझ्या यजमानांची तिथली नस फुटली होती. "बोलतील, चालतील, दुकानातही बसतील. पण चेष्टा कळणार नाही. शब्द जसा असेल तसाच धरतील. कुणी धडपडलं तर हसतील कदाचित, तेवढं उरतं."

मी म्हटलं, जीव वाचला ना, सरी, तेवढं बास. चेष्टेवाचून कुणाचं अडलंय?

माझंच अडलं. बेंगळुरात चामराजपेटेत आमचं कापडाचं दुकान. गिऱ्हाईक कापडापेक्षा ह्यांच्या थट्टेला यायचं. मला तर लग्नापासून छळलंय ह्या माणसानं. आमटी पातळ झाली की म्हणायचे, "पंचा आण, पोहून येतो." वॉर्डात जेवणाबरोबर पाणचट सारू, म्हणजे इकडची आमटी, आलं तेव्हा मी मुद्दाम विचारलं, "पंचा आणू का?"

ह्यांनी वाटीत पाहिलं. "एवढ्यात माणूस कसा पोहेल?"

मी रडले. तर म्हणाले, "डोळ्यात काय गेलं?"

घरी आणल्यावर जुने किस्से सांगितले, शेजारणींच्या नकला केल्या. तोंड कोरं ते कोरंच. एकदा हसू दे, एवढंच मी देवाकडे मागत होते.

मग धाकट्या नणंदेचं, सुधाचं लग्न आलं. आमच्यात नवरीचा भाऊ नवऱ्यामुलाचा कान पिळतो. बहिणीला नीट सांभाळ, अशी गमतीची तंबी. मी म्हटलं, चुलतभावाला उभं करू. सुधा हटून बसली, "माझा अण्णा असताना दुसरा कशाला?"

ह्यांनी कान धरला. नवऱ्यामुलाचा मित्र म्हणाला, "स्वल्प जोरात, अण्णा. उपटून हातातच द्या."

हे खरंच उपटायला लागले. पोरगा आधी हसला, मग किंचाळला, मग बाशिंगासकट पाटावरून कोलमडला. कानामागून रक्त आलं. दोघांनी मिळून ह्यांची बोटं सोडवली. सुधाचा सासरा म्हणाला, "वेड्याला मांडवात कशाला आणलंत?" सुधा खाली मान घालून बसली.

लग्न लागलं. सुधा अजून माहेरी येत नाही.

तुमच्या घरी हे दुखणं आलं तर डॉक्टरांना काय जाईल ते विचाराल. काय उरेल तेही नीट ऐकून घ्या. मी ऐकलं होतं, तरी मनावर घेतलं नव्हतं. पोरगा कोलमडला, बाशिंग नाकावर आलं, आणि हे हसले. पोट धरून, पूर्वीसारखे. सगळे त्या रक्ताकडे धावले. मी जागची हलले नाही. अख्ख्या मांडवात आम्ही दोघंच हसत होतो.